छापून येईपर्यंत

डिमोना, १२ नोव्हेंबर १९७८

प्रबंध मंजूर झाला. शाळा सांभाळून सात वर्षं लागली. आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर अंग टाकून झोपावंसं वाटलं, दुसरं काही नाही.

नवऱ्याने, इझिकेलनी, फॉस्फेटच्या कारखान्यातून येताना केक आणला. नुरीतने हिब्रूत शाबासकी दिली आणि मैत्रिणीकडे पळाली. सोळाव्या वर्षी आईच्या गणितापेक्षा मैत्रीण मोठी असायचीच. माझी आई आमच्याकडेच असते, तिने माशाची आमटी केली. इथला कार्प म्हणजे चिखल खाऊन वाढलेला मासा, असं ती चौदा वर्षं म्हणते आहे आणि चौदा वर्षं त्याचीच आमटी करते आहे.

आई ठाण्याला असल्यापासून सगळ्यांच्या मागून जेवते. आज मी मुद्दाम तिच्यासाठी थांबले. मला तिने भात वाढला आणि स्वतः पावाचा तुकडा आमटीत बुडवून खाऊ लागली.

"भात नको?"

"पाव बरा. हलका पडतो."

चौदा वर्षांनी का होईना, आमची आई इस्राएली झाली. मी तशी थट्टा केली तर हसली. तिला आज माझ्याहून जास्त आनंद झालेला दिसला. त्याला कारणही आहे. '७६च्या थंडीत सिद्धतेत चूक सापडली तेव्हा मी सगळे कागद केराच्या डब्यात कोंबले होते. ते उचलून, बटाट्याची सालं झटकून, पुन्हा माझ्या टेबलावर तिनेच ठेवले होते.

"झालं ना गो आता? छापायचं कधी?" तिने विचारलं. म्हटलं, ते वेगळं प्रकरण आहे.

२१ नोव्हेंबर

ते वेगळं प्रकरण आज सुरू झालं. बीरशेबाला झेएवकडे गेले होते. झेएव माझा मार्गदर्शक, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याला नुसतं नावाने हाक मारायला मला दोन वर्षं लागली. आपल्याकडे प्रोफेसरला कोण अशी हाक मारतो?

त्याने पाय टेबलावर टाकले आणि म्हणाला, "आता हे कुठे पाठवायचं?"

युनिव्हर्सिटीतली माझी नवी नोकरी हंगामी आहे. १९८०च्या जूनमध्ये समिती बसेल. तोवर चांगल्या नियतकालिकाने निबंध स्वीकारल्याचं पत्र हातात असलं तर मी कायम होईन, नाहीतर पुन्हा डिमोनाच्या शाळेत नववी-दहावीला लसावि-मसावि. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ही माझी शेवटची बस आहे, हे त्यालाही माहीत आहे.

झेएवच्या मते अमेरिकेतलं मोठं नियतकालिक. तिथे तपासायलाच वर्ष जातं, स्वीकारल्यावर छापून यायला आणखी दोन. "पण तुला छापील पान नको आहे, पत्र हवं आहे," तो म्हणाला. जेरुसलेमच्या नियतकालिकात त्याच्या ओळखीचे लोक आहेत, म्हणून तिथे नको. लोक वशिला म्हणतील.

मी मोडक सरांचं नाव काढलं. एम.एस्सी.ला ते मला शिकवायचे. आता मुंबईहून एक त्रैमासिक काढतात, स्वतः बसून निबंध तपासतात आणि पाच-सहा महिन्यांत छापतात. झेएव हसला नाही, पण खांदे उडवले. "समितीत ते कुणी उघडूनसुद्धा बघणार नाही."

खरं आहे. पण मोडक सर ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतील, आणि दुसरं कोण वाचणार आहे?

३ डिसेंबर

घरी विषय निघाला. इझिकेल म्हणाले, "कुठेही छाप, पण ह्या टेबलावरचा पसारा एकदाचा हलव." बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाशी काय वाद घालायचा?

आईने भांडी विसळता विसळता विचारलं, "लवकर कुठं छापतात?"

"मोडक सरांकडे."

"मग तिथंच पाठव ना. आपलेच आहेत."

मला राग आला. सगळ्या आयुष्यात माझ्या गणिताबद्दल तिला एकच प्रश्न सुचावा, लवकर कधी होईल? जरा तोडूनच बोलले, "आई, लवकरला किंमत नसते. अमेरिकेत तीन वर्षं लागतील, पण नाव होईल, नोकरी टिकेल."

तिने नळ बंद केला. मग म्हणाली, "तीन वर्षं तर तीन वर्षं. तुला कळतं ते कर."

मला वाटतं तिला मुंबईची आठवण येते. वय झालं की असं होतंच.

१७ डिसेंबर

निबंध विमानाच्या टपालाने अमेरिकेला गेला. टाइप केलेल्या कागदावर सगळी चिन्हं हाताने भरताना डोळे शिणले. आईने तीनदा विचारलं, रजिस्टर केलंस ना? आता वर्षभर काही करायचं नाही. हे वाक्य लिहिताना किती बरं वाटतंय.

१५ एप्रिल १९७९

पेसाहचा सण चालू आहे, आठवडाभर खमीर वर्ज्य. पाव घरात नाही, मात्सा आहे, बिनखमिराची कडक रोटी. आपण बेने इस्राएल ज्यू पेसाहला भात खातो, त्यात काही वावगं नाही. पण आई यंदा भातालाही शिवत नाही. मात्सा पाण्यात भिजवते आणि उकडलेल्या बटाट्याबरोबर गिळते. बाकी सगळ्यांसाठी मात्र भात करते.

हे सगळं शेजारच्या मिरियामचं. ती मोरोक्कोची, त्यांच्यात पेसाहला तांदूळ वर्ज्य. दोघी रोज गॅलरीत बसतात, आईला हिब्रू येत नाही आणि मिरियामला मराठी येत नाही, तरी तासभर बोलणं चालतं. त्यातूनच हे खूळ आलं असणार. मी म्हटलं, "आई, आपले बापजादे कोकणात दोन हजार वर्षं पेसाहला भात खात आले. तुला आता मिरियाम धर्म शिकवणार का?"

"असू दे गो. दातांना बरं पडतं."

मात्सा आणि दातांना बरी? पण वाद घालायचं त्राण नव्हतं.

२० एप्रिल

आईला काल जिन्यात भोवळ आली. कुपात खोलीमच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला अशक्तपणा आहे, नीट जेवायला घाला. शिवाय रक्तात साखर थोडी जास्त आहे, चहातली बंद करा. नुरीतने ते मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "त्याला सांग, बिनसाखरेचा चहा पिऊन जगायचं तर मरण काय वाईट?" आमच्या आईच्या चहात चमचा उभा राहतो. नुरीतने डॉक्टरला काय सांगितलं देव जाणे, पण तो खूप हसला.

९ सप्टेंबर

अमेरिकेहून उत्तर आलं. नकार नाही, होकारही नाही. परीक्षक म्हणतो निकाल चांगला आहे, पण निबंध लांब आहे. दोन्ही भाग एकत्र गुंफून पुन्हा लिहा, मग घेऊ.

माझा विषय सोप्या भाषेत सांगायचा तर असा: काही मालिकांची बेरीज कुठेच थांबत नाही, नुसती भरकटत राहते. अशा मालिकेला शिस्तीने बेरीज कशी द्यायची? पहिल्या भागात मी सांगते की अमुक अट पाळली तर देता येते. दुसऱ्या भागात सांगते की त्या अटीवाचून चालत नाही. पहिला भाग मी एकटीने केला, ह्याच स्वयंपाकघरात, आई वाल सोलत असताना. दुसऱ्यात झेएवची खूप मदत आहे.

झेएव खूश आहे. "तीन-चार महिन्यांचं काम. मार्चपर्यंत पत्र तुझ्या हातात," तो म्हणाला. छापून कधी येईल विचारलं तर म्हणाला, "ब्याऐंशी. पण त्याचं काय?"

घरी आल्यावर आईने तेच विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं. ती "बरं" म्हणाली. मला तिच्या चेहऱ्याकडे बघायचीही ताकद नव्हती.

२८ ऑक्टोबर

आज आमच्यातल्याच नॅथनकडे मलिद्याचा विधी होता. त्याचा मुलगा अव्नेर सैन्यातून धडधाकट परतला म्हणून एलियाहू हन्नबी ह्या प्रेषिताचा नवस फेडला. घर भरून आपली माणसं, मध्ये मोठं ताट. गोड पोहे, वर खोबरं, वेलची, बेदाणे, बाजूला फळं. गाणं म्हणून झालं, बेराखा, आशीर्वादाची प्रार्थना, झाली आणि ताट फिरू लागलं.

आईच्या हातात बशी आली. तिने त्यातला खजूर घेतला, सफरचंदाची फोड घेतली आणि पोहे तसेच ठेवून बशी माझ्याकडे दिली.

मलिद्याचा प्रसाद कुणी नाकारत नाही. आजारी माणूससुद्धा दोन दाणे तोंडात टाकतो. नॅथनची बायको शुलामित बघतच राहिली. मी म्हटलं, "अगं, दोन दाणे तरी घे." आई हळूच म्हणाली, "पोहे तांदळाचेच असतात ना गो."

तेव्हा मला कळलं. मोठी गणिती मी. वर्षभर हे माझ्या ताटासमोर चाललं होतं आणि मी पावाला, दातांना, मिरियामला कारण ठरवत बसले. मलिदा नाकारतो तो एकच माणूस, ज्याचा स्वतःचा नवस अजून फिटायचा आहे.

२९ ऑक्टोबर

सकाळी इझिकेल पाळीला गेल्यावर आईला समोर बसवलं.

"काय बोललीस तू हन्नबीला?"

ती आधी टाळत होती. मग म्हणाली, "माझ्या रोझीचं गणित छापून येईल तेव्हा मलिदा करीन. तोवर भात खाणार नाही."

"कधी बोललीस?"

"तू कागद केरात टाकलेस त्या थंडीत."

म्हणजे वर्षभर नाही, जवळजवळ चार वर्षं. ती मागून जेवते आणि मला मागे वळून बघायला सवड नव्हती. एकाहत्तर वर्षांची कोकणातली बाई, जिला चार दिवस भात नसला तर उपाशी असल्यासारखं वाटतं, ती चार वर्षं पाव चावते आहे, रोज आमचा भात शिजवून.

मी रडले. तिला ते आवडलं नाही. "त्यात रडायचं काय? मी मागितलं, त्याने अर्धं दिलं. आता पुढचं देईल."

"मला सांगितलं का नाहीस? मी अमेरिकेला पाठवलंच नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं. एकदा विचारलं लवकर कुठं, तू म्हणालीस लवकरला किंमत नाही. मग मी परत तोंड उघडलं का?"

मी म्हटलं, नवसातून सुटता येतं. शास्त्रात सोय आहे, तीन माणसांसमोर सांगायचं, ते मोकळं करतात. सिनेगॉगमधले तिघे आनंदाने करतील.

"त्या तिघांनी मागितलं होतं का?" आई म्हणाली आणि तांदूळ निवडायला घेतले.

६ नोव्हेंबर

झेएवला सांगितलं. सांगावं की नाही ह्या विचारात बस कधी पोचली कळलंच नाही. किबुत्झच्या सामूहिक शेतीवस्तीत वाढलेला, योम किप्पुरच्या उपासालासुद्धा जेवणारा माणूस. हसेल अशी तयारी ठेवली होती. त्याने पाय टेबलावरून खाली घेतले.

"तिने नेमके कोणते शब्द वापरले?"

मी सांगितले. त्याने ते फळ्यावर हिब्रूत लिहिले आणि खडू हातात धरून विचार करत बसला. "पूर्ण छापून यावं असं ती म्हणालेली नाही," तो म्हणाला. "एका पानाचं निवेदन देऊ. नुसता निकाल, सिद्धता नंतर. ते दोन महिन्यांत छापून येतं. अमेरिकेचं पत्रही हातचं जात नाही."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. परतीच्या बसमध्ये किती दिवसांनी झोप लागली.

घरी आईला समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. माझे पप्पा शाळामास्तर होते, भूमिती शिकवायचे, त्यामुळे एक शब्द तिला पक्का ठाऊक आहे.

"त्यात प्रूफ असेल?"

"नाही. उत्तर आत्ता, प्रूफ मागाहून."

"म्हणजे नवस फिटला असं आज सांगायचं आणि मलिदा पुढे कधीतरी करू म्हणायचं, तसं." तिने मान हलवली. "नको गो. हन्नबीला असलं चालत नाही. तुझ्या पप्पांनाही चाललं नसतं."

मलाही खरं म्हणजे अशी निवेदनं कधी आवडली नाहीत.

२५ नोव्हेंबर

दोन आठवडे डोकं फुटायची वेळ आली. आई पुन्हा एकदा जिन्यात बसली होती, दम लागून. ब्याऐंशीपर्यंत ती असेल का, हा प्रश्न मी मनात धरते आणि सोडते.

आज ठरवलं. पहिला भाग, वाल सोलतानाचा, सिद्धतेसकट मोडक सरांना पाठवायचा. तो स्वतःच्या पायावर उभा आहे. झेएव म्हणाला, "तू काय करते आहेस हे समजून कर. पहिला भाग दुसरीकडे छापला की अमेरिकेसाठी उरलेला भाग म्हणजे नवा निबंध. सगळं पहिल्यापासून. जूनच्या आत पत्र येणार नाही."

"माहीत आहे."

"एका ताटभर भातासाठी?"

त्याने ते वाईट अर्थाने म्हटलं नव्हतं. खात्री करून घेत होता, जसा सिद्धतेतली प्रत्येक पायरी विचारतो. मी हो म्हटलं. त्याने दुसऱ्या भागाचे कागद माझ्या पिशवीत ठेवले आणि म्हणाला, "त्याची काही घाई नाही."

आईला जून, समिती, नोकरी, ह्यातलं काही सांगितलेलं नाही. मोडक सर छापताहेत एवढंच म्हटलं. अमेरिकेचं काय, असं तिने विचारलं. तेही होईल म्हणून सांगितलं.

१८ मे १९८०

अंक आला. कागद पिवळट आहे आणि एका ठिकाणी अधिकचं चिन्ह तिरकं पडलं आहे. मोडक सरांनी सोबत दोन ओळी लिहिल्यात, की तिसऱ्या पानावरची युक्ती वाचून त्यांना फार सुख झालं. दहा वर्षांत माझ्या गणिताबद्दल कुणी सुख हा शब्द वापरला नव्हता.

आईने अंक मांडीवर घेतला. इंग्रजी तिला वाचता येतं, पण त्या पानांवर शब्द कमीच. माझं नाव शोधून त्यावर बोट ठेवलं.

"ह्यात प्रूफ आहे?"

"आहे."

"सगळं?"

"सगळं."

तिने अंक कपाटात सिद्दूरच्या, प्रार्थनेच्या पुस्तकाच्या, शेजारी ठेवला आणि तांदूळ धुवायला गेली.

२० मे

मलिदा झाला. बेराखा नॅथनने म्हटली. मिरियामही आली होती, तिला काय कळलं कोण जाणे, पण ती आईच्या गळ्यात पडून रडली.

सगळे गेल्यावर आई आमच्याबरोबर जेवायला बसली, मागून नाही. मी तिला भात वाढला, वर आमटी घातली. पहिला घास तिने खूप वेळ तोंडात ठेवला. नुरीतसुद्धा काटा हातात धरून थांबली होती.

"ह्या देशातला तांदूळ वाईटच," आई म्हणाली आणि आणखी वाढून घेतला.

२९ जून

समितीने मला कायम केलं नाही. त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही, त्यांच्यापुढे काही नव्हतंच. सप्टेंबरपासून शाळा. मुख्याध्यापिका एदनाने आनंदाने माझे जुने वर्ग परत दिले.

वाईट वाटतं आहे. वाटणार नाही असं धरून चालले होते, ते खोटं ठरलं. बीरशेबाच्या खोलीतून खडूचा डबा आणि चपला घेऊन आले. इझिकेल म्हणाले, "चल, निदान रोजची बस तरी सुटली." आईला सांगितलं की मला शाळाच बरी वाटते. नुरीत तिथेच उभी होती, तिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

दुसऱ्या भागाचे कागद कपाटावर टाकले. दमले आहे. त्यांना आता हात लावायचा नाही.

७ सप्टेंबर

शाळेचा पहिला आठवडा संपला. घसा बसला. नुरीत सध्या आजीशी मराठी बोलते, मोडकंतोडकं का होईना. दोघी गॅलरीत बसून तास तास कुजबुजतात, मी गेले की गप्प होतात. मुलीला शेवटी आजीची भाषा गोड लागली, बरं वाटलं.

१२ सप्टेंबर

रोश हशाना. दुपारी चहा केला. आईने कप घेतला आणि साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला.

"तुझी साखर?"

"नको. डॉक्टर सांगतोय ना."

डॉक्टर दीड वर्ष सांगतो आहे. नवीन वर्ष गोड जावं म्हणून आमच्याकडे सफरचंदाची फोड साखरेत बुडवून खातात. ती फोडही तिने आज कोरडीच खाल्ली. मी नुरीतकडे पाहिलं. ती एकदम उठून खिडकी लावायला गेली, वारा नसताना.

आईने एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं नाही, पण कप खाली ठेवून थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा उचलला.

सण संपला की स्टूल घेऊन कपाटावरचा दुसरा भाग खाली काढायचा.